अंगावरचे पित्त आणि पोटातले पित्त

मराठीत ‘पित्त’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या तक्रारींसाठी रूढ आहे. उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि वर तीन-चार कप चहा झाला की छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते. आपण म्हणतो, पित्त झाले. अंगावर अकस्मात लाल गांधी उठतात, खाज सुटते. तेव्हाही आपण म्हणतो, पित्त उठले. आयुर्वेदाने पहिल्यास अम्लपित्त आणि दुसऱ्यास शीतपित्त अशी वेगळी नावे दिली. परंतु भोर-वेल्ह्याकडच्या घरांत दोहोंवर आमसूल हाच पहिला उतारा. एकदा ते पाण्यात कुस्करून प्यायचे, एकदा अंगाला चोळायचे.

आधुनिक शरीरशास्त्राने या दोन तक्रारींचा माग काढला, तेव्हा दोन्ही ठिकाणी एकच रसायन वावरताना आढळले. त्याचे नाव हिस्टामिन. म्हणजे एका शब्दात दोन्ही तक्रारी बांधणाऱ्या आपल्या भाषेचे फार चुकले असे म्हणता येत नाही. अडचण निर्माण होते ती औषधाच्या दुकानात. ‘पित्ताची गोळी द्या’ असे म्हणून घरी आणलेली पट्टी नेमकी कोणत्या पित्ताची, हे डब्यात पडल्यावर कोणाच्याच लक्षात राहत नाही. मुले पुण्या-मुंबईला, घरात दोघेच वृद्ध, आणि रात्री अकरा वाजता त्या डब्यातून अंदाजाने काढलेली गोळी. अशी घरे आपल्या दोन्ही तालुक्यांत थोडी नाहीत. म्हणून या अंकात हिस्टामिनची आणि त्याच्या चार दारांची ओळख करून घेऊ.

एक रसायन, चार कुलुपे

आपल्या आहारातील प्रथिनांत हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल असते. त्यापासून शरीर हिस्टामिन तयार करते. त्वचेत, नाकात, श्वासनलिकांत आणि आतड्यांत मास्ट पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्यांच्या पोटात ते साठवलेले असते. जठराच्या अस्तरातील काही पेशींजवळही त्याचा साठा असतो. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका त्याचाच वापर करून आपल्याला जागे ठेवतो.

मात्र हिस्टामिन नुसते मोकळे झाल्याने काहीच घडत नाही. ज्या पेशीवर त्याला परिणाम घडवायचा असतो, तिच्या पृष्ठभागावर एक ठरावीक रेणू असावा लागतो. डॉक्टर त्याला रिसेप्टर म्हणतात, मराठी ग्रंथांत त्याला ग्राही म्हटले जाते. ग्राही हे कुलूप आणि हिस्टामिन ही किल्ली, असे समजावे. किल्ली एकच असली तरी कुलुपामागची खोली वेगळी असते आणि म्हणून परिणामही वेगळा होतो. अशी चार कुलुपे आजवर ज्ञात आहेत. त्यांना एच-१, एच-२, एच-३ आणि एच-४ अशी क्रमाने नावे दिलेली आहेत.

ही माहिती एका दिवसात हाती आली नाही. १९१० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामिनचे शरीरावरील परिणाम तपासले. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टौब यांनी हिस्टामिनला अडवणारे पहिले द्रव्य शोधले. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या मार्गाने पुढे आलेल्या औषधांनी शिंका थांबत, गांधी मावळत. परंतु जठरातील आम्ल काही केल्या कमी होत नसे. यावरून तर्क निघाला की जठरातील कुलूपच निराळे असले पाहिजे. जेम्स ब्लॅक यांनी १९७२ मध्ये ते कुलूप अडवणारे द्रव्य सिद्ध केले आणि काही वर्षांतच सिमेटिडिन हे औषध रुग्णांना मिळू लागले. जठरव्रणासाठी तोवर सर्रास होणाऱ्या शस्त्रक्रिया त्यामुळे मोठ्या प्रमाणात टळल्या. ब्लॅक १९८८ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. तिसरे कुलूप १९८३ मध्ये मेंदूत सापडले, तर चौथ्याची ओळख २००० च्या आसपास पटली.

कोणते कुलूप कशाचे?

एच-१ हे त्वचा, नाक, श्वासनलिका, रक्तवाहिन्या आणि मेंदू या ठिकाणी आढळते. ते उघडले की सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, त्वचा फुगून गांध उठते, खाज सुटते, नाक वाहते, श्वासनलिका आकसतात. भाताच्या मळणीच्या दिवसांत खळ्यावरच्या धुळीने शिंकांची रांग लागते, ती बहुधा याच कुलुपामुळे. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन ही सारी एच-१ अडवणारी औषधे होत.

एच-२ प्रामुख्याने जठरात असते. ते उघडले की आम्ल स्रवते. रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन ही त्यास अडवणारी औषधे. रॅनिटिडिनमध्ये कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी अशुद्धी आढळल्यामुळे अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून हटवण्यास सांगितले, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते २०२२ मध्ये वगळण्यात आले. घरातील डब्यात जुनी पट्टी असल्यास ती परस्पर वापरू नये. आज सर्वत्र दिली जाणारी पॅन्टोप्राझोलसारखी औषधे मात्र हिस्टामिनच्या कुलुपाशी संबंधित नाहीत. ती आम्ल बाहेर टाकणाऱ्या पंपावरच काम करतात.

एच-३ मेंदूत असते आणि हिस्टामिन किती सोडायचे यावर लगाम ठेवते. आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ वाचक ‘चक्करची गोळी’ म्हणून जे बीटाहिस्टिन घेतात, ते मुख्यतः हा लगाम सैल करते आणि एच-१ ला किंचित चालना देते. आता विचार करा: सकाळी चक्करसाठी बीटाहिस्टिन आणि रात्री सर्दीसाठी एच-१ अडवणारी गोळी घेतली, तर एक औषध दार लोटत आहे आणि दुसरे तेच ओढून धरत आहे. अशा वेळी दोन्ही गोळ्या डॉक्टरांना एकत्र दाखवणे इष्ट. दमा किंवा जठरव्रण असलेल्यांनी बीटाहिस्टिन घेण्यापूर्वी तसे आवर्जून सांगावे. शिवाय चक्कर ही अनेक कारणांनी येते. रक्तदाबाची गोळी जास्त होणे हे एक; कानातील सूक्ष्म खडे जागचे हलणे हे दुसरे, आणि ते तर डोके ठरावीक पद्धतीने फिरवून डॉक्टर गोळीविनाही बरे करू शकतात.

एच-४ पांढऱ्या पेशींवर असते. त्याला अडवणाऱ्या औषधांवर संशोधन सुरू आहे. दुकानात मिळणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

उतारवयात हीच गोळी जड का होते?

एच-१ कुलूप मेंदूतही असते आणि तेथे ते आपल्याला जागे ठेवते, हे वर आलेच. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्झिझिन, सायप्रोहेप्टाडिन ही जुन्या पिढीची औषधे सहज मेंदूत शिरतात. म्हणून त्यांनी झोप येते. तरुणाला ती झोप सुखाची वाटते. सत्तरीच्या माणसाला मात्र ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते. रात्री लघवीला उठताना तोल जातो, उंबऱ्याला पाय अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. एका सर्दीच्या गोळीने अंथरूण धरायला लावले, हे मग कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. या जुन्या औषधांची किल्ली नेटकी घडवलेली नाही. ती ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाच्या कुलुपातही जाऊन अडकते. परिणामी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ वाढते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अचानक तुंबते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब धोकादायक वाढतो. ज्यांची स्मृती आधीच क्षीण झाली आहे, ते एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागतात. घरच्यांना वाटते, आजोबांचा विसरभोळेपणा बळावला. प्रत्यक्षात दोन दिवसांपूर्वी सुरू झालेले कफ सिरप त्याच्या मुळाशी असू शकते. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ‘बीअर्स निकष’ या नावाने ज्येष्ठांनी टाळावयाच्या औषधांची यादी केली आहे. तिच्यात या जुन्या पिढीच्या औषधांचा समावेश आहे.

ही नावे आपल्या घरात उघडपणे येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. सर्दी-तापाच्या संयुक्त गोळीत पॅरासिटामॉलच्या सोबतीला क्लोरफेनिरामिन असते. भूक वाढवण्याच्या सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असते. खोकल्याच्या औषधात ते निराळ्या नावाने असते. पट्टीच्या मागील बाजूस घटकांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. नातवाकडून ती वाचून घ्यावीत.

नव्या पिढीची औषधे ज्येष्ठांस तुलनेने बरी, परंतु तीही बिनधोक नाहीत. सेट्रिझिन आणि लिव्होसेट्रिझिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. वयानुसार मूत्रपिंडाची शक्ती मंदावते, तेव्हा तरुणाच्या मात्रेएवढी गोळी वृद्धाच्या शरीरात अधिक काळ साचून राहते. फॅमोटिडिनचेही तसेच, मूत्रपिंड दुबळे असल्यास त्याने मनाचा गोंधळ उडू शकतो. म्हणून क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल डॉक्टरांना दाखवूनच मात्रा ठरवावी. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबत घ्यावे, फळांच्या रसासोबत घेतल्यास ते नीट शोषले जात नाही. तसेच महिनोन्महिने रोज घेतलेली सेट्रिझिन एकाएकी थांबवल्यावर काहींना तीव्र खाज सुटते. ती आजार परतल्याची खूण असेलच असे नाही. तेव्हा बंद करण्याची रीतही विचारून घ्यावी.

हिस्टामिन नसताना

प्रत्येक खाज हिस्टामिनची नसते. उतारवयात त्वचेतील स्निग्धता घटते. हिवाळ्यात कढत पाण्याने आणि साबणाने ती आणखी कोरडी होते, आणि पायांच्या नळ्यांवर, पाठीवर खाज सुटते. येथे गांधी दिसत नाहीत, आणि सेट्रिझिनने झोपेपलीकडे फारसे काही साधत नाही. कोमट पाणी, कमी साबण आणि अंग ओलसर असतानाच लावलेले खोबरेल तेल हा उपाय अधिक फलदायी ठरतो. घरातील सर्वांनाच रात्री खाज येत असेल तर खरूज असण्याची शक्यता पाहावी. कोरडेपणा नसताना, पुरळ नसताना महिनाभर खाज टिकली, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्त यांची तपासणी आवश्यक होय.

प्रत्येक सूजही हिस्टामिनची नसते. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी काही थोड्या जणांचे ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजतो, आणि औषध सुरू होऊन कितीतरी महिने लोटल्यावरही हे घडू शकते. ही सूज ब्रॅडिकायनिन या वेगळ्या रसायनाने येते. तिच्यावर ॲलर्जीच्या गोळीचा उपयोग होत नाही. जीभ सुजून श्वास कोंडण्याआधी रुग्णालय गाठावे लागते, आणि ते औषध पुढे कधीही न घेण्याचा सल्ला मिळतो.

छातीतील प्रत्येक जळजळही पोटातले पित्त नसते. ज्येष्ठांत, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, हृदयविकाराचा झटका ‘ॲसिडिटी’च्या वेषात येतो. जळजळीसोबत घाम, धाप, जबडा किंवा हात दुखणे, कमालीचा अशक्तपणा यांपैकी काही असल्यास गोळी घेऊन वाट पाहू नये.

याउलट एक फसवी ॲलर्जी हिस्टामिनचीच असते, पण ते बाहेरून आलेले असते. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे मासे बर्फाविना राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. शिजवून ते नष्ट होत नाही. घाट चढून देशावर येणाऱ्या मासळीच्या बाबतीत हे विशेष ध्यानी ठेवावे. जेवणानंतर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होणे, डोके दुखणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे. त्यावर एच-१ ची गोळी लागू पडते. यावरून आपल्याला माशांची कायमची ॲलर्जी आहे असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही.

आग्या मोहोळ आणि विंचू

आपल्या परिसरात हिस्टामिनचे सर्वांत उग्र रूप दिसते ते आग्या मोहोळाच्या हल्ल्यात. राजगड, तोरणा, रायरेश्वर यांच्या मुलखातील कड्यांच्या कपारींत आणि उंच झाडांवर ही मोहोळे लागतात. धूर, अत्तराचा उग्र वास किंवा दगड यांनी ती उठतात. माशा उठल्यास हात न झटकता तोंड-डोके घोंगडीने किंवा पदराने झाकून दूर जावे आणि घरात वा गाडीत शिरावे. पाण्यात उडी घेऊ नये. त्वचेत रुतलेली नांगी नखाने खरवडून, जमेल तितक्या लवकर काढावी.

मधमाशीच्या विषाने मास्ट पेशी फुटतात. एखाद्याला त्या विषाची ॲलर्जी असेल तर साऱ्या शरीरातील साठा एकदम मोकळा होतो. अंगभर गांधी, घोगरा आवाज, धाप, उलटी, भोवळ अशी लक्षणे दिसू लागतात आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी सेट्रिझिन किंवा फेनिरामिनचे इंजेक्शन पुरेसे नाही. ती औषधे कुलूप अडवतात, पण कोसळलेला रक्तदाब उचलत नाहीत आणि आकसलेली श्वासनलिका उघडत नाहीत. ते काम मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत दिल्या जाणाऱ्या ॲड्रिनॅलिनच्या इंजेक्शनचे. म्हणून गोळीचा गुण येण्याची वाट पाहत घरी थांबू नये. १०८ वर फोन करून जवळचे सरकारी वा खासगी रुग्णालय गाठावे. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप असल्यास बसते ठेवावे, पण उभे करून चालवत नेऊ नये. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी औषधे सुरू असल्यास ते डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण त्यांच्यामुळे ॲड्रिनॅलिनचा गुण कमी येऊ शकतो. बरे वाटल्यावरही काही तास देखरेखीखाली थांबावे. लक्षणे उलटून येतात. अनेक माशा डसल्या असतील तर ॲलर्जी नसलेल्यासही रुग्णालय हवेच. एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी गडद झाली, तर मूत्रपिंडाला इजा होत असल्याची ती खूण असू शकते.

विंचवाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती आपल्या शेजारचीच आहे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. लाल विंचवाच्या दंशाने त्या भागात माणसे दगावत. तेथे काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. या विषाने शरीरातील ॲड्रिनॅलिनवर्गीय रसायनांचा लोंढा सुटतो आणि हृदय त्याखाली दबते, हे ओळखून त्यांनी अल्फा नावाचा ग्राही अडवणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी हा अनुभव मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशात ॲलर्जीचे इंजेक्शन प्राण वाचवू शकत नाही, कारण तेथे प्रश्न हिस्टामिनच्या कुलुपाचा नसतो. मधमाशीला ॲड्रिनॅलिन हवे, विंचवाला त्याचाच लोंढा थोपवणारे औषध हवे. दंश झालेल्या माणसासोबत जाणाऱ्याने काय डसले, किती वाजता डसले आणि वाटेत काय दिले, हे नीट सांगणे म्हणूनच इतके मोलाचे असते.

या पंधरवड्यात एवढे करावे

घरातील औषधांचा डबा दिवसाउजेडी रिकामा करावा. मुदत संपलेल्या आणि नाव न वाचता येणाऱ्या पट्ट्या बाजूला काढाव्यात. उरलेल्यांवर ठळक मराठीत चिकटपट्टी लावून लिहावे: ‘अंगावरच्या पित्ताची’, ‘पोटातल्या पित्ताची’, ‘चक्करची’. गोळीने झोप येत असल्यास तेही लिहावे. एका कागदावर रोजच्या सर्व औषधांची यादी, क्रिएटिनिनचा शेवटचा आकडा, प्रोस्टेट व काचबिंदू यांची नोंद आणि पूर्वी कधी डंखाने वा औषधाने अंग उठले असल्यास त्याची तारीख लिहून तो कागद डब्याच्या झाकणात ठेवावा. परगावी असलेल्या मुलांनी त्याचे छायाचित्र आपल्या मोबाइलवर घेऊन ठेवावे. पुढील वेळी भोरच्या किंवा वेल्ह्याच्या दवाखान्यात जाताना तो कागद पिशवीत असू द्यावा, आणि ‘पित्ताची गोळी द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘अंगावर गांधी उठल्या आहेत’ किंवा ‘छातीत जळजळते आहे’ असे स्पष्ट सांगावे.

आमसुलाचे पाणी अवश्य प्यावे, हवे तर अंगालाही चोळावे. मात्र आवाज घोगरा झाला, जीभ जड झाली किंवा धाप लागली, की ते भांडे खाली ठेवून १०८ ला फोन लावावा.